दारात येऊन मागायचं औषध

आप्पा, आज सकाळी पुन्हा एक जण दारात येऊन उभा राहिला. बार्शीहून मोटारसायकलवर आला होता. पंचविशीतला पोरगा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. दाराबाहेर चप्पल काढून म्हणाला, "आजोबा, कावीळचं औषध हितंच देत्यात न्हवं?" मी म्हणालो, देत होते, पण देणारा माणूस जाऊन जमाना झाला. तरी तो हलेना. "थोरल्या भावाला झालीय. लई पिवळा पडलाय. घरच्यानं सोता दारात येऊन मागावं लागतं म्हनले, म्हनून मीच आलो की." आता काय म्हणावं! तुम्ही गेलात, तुमची ती वेल गेली, सायकलचं दुकान जाऊन तिथं मोबाईलची कव्हरं विकायला लागली, पण तुमचा नियम मात्र बार्शीपर्यंत जिवंत आहे. मी त्या पोरावर ओरडलो. "औषध नाही. आत्ताच्या आत्ता त्याला दवाखान्यात ने, आणि परत कुणाच्या दारात उभा राहू नकोस!" बिचारा चप्पल हातात घेऊनच निघाला. राग त्याच्यावर नव्हता. तुमच्यावर होता. दुपार झाली, जेवण झालं, वामकुक्षी झाली, तरी उतरला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तुमच्या सकाळी मला अजून दिसतात. सात रस्त्याच्या अलीकडे आपलं दुकान आणि दुकानामागे आपल्या दोन खोल्या. दुकानाची फळी उघडायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असायची. केमहून पहाटेच्या गाडीनं आलेला एखादा म्हातारा, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी बाई, कडेवरचं मूल हळदीत बुडवून काढल्यासारखं. तुम्ही ग्रीसनं काळे झालेले हात राखेनं घासून धुवायचे, सहाणेवर ताकाचे थेंब टाकायचे आणि तो पिवळा लाकडाचा तुकडा उगाळायला बसायचे. मरदरिशिन, झाडाची हळद. उगाळताना सहाण अशी पिवळी व्हायची की मला वाटायचं, सूर्य आधी आपल्या दारात उगवतो आणि मग सोलापुरात. अनशापोटी पूर्वेकडे तोंड करून प्यायचं, तेल-तिखट बंद. पैसा घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: मागितल्याशिवाय द्यायचं नाही. रोग्यानं नाहीतर रोग्याच्या घरच्या माणसानं दारात येऊन तोंडानं मागायचं. शेजारच्या घरात कुणी पिवळं पडलेलं डोळ्यांना दिसत असलं तरी तुम्ही आपणहून जायचा नाहीत. "गरज मागणाऱ्याला हाय. देनारा उठून गेला की औषधाचा गुन जातो," असं तुम्ही म्हणायचे आणि माणसं माना डोलवायची. मीही डोलवायचो. मला तुमचा केवढा अभिमान होता, आप्पा. तो आठवला की आज जास्तच चीड येते.

मी कॉलेजात जायला लागलो त्या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही मला रानात घेऊन गेलात. मीटरगेजच्या गाडीनं हुबळी, तिथून बस, आणि शिरसीच्या पलीकडे घाटमाथ्यावर तुमच्या आत्याचं घर. शाळेच्या पुस्तकातल्या वनराईच्या सगळ्या कविता मला पाठ होत्या, पण सोलापूरच्या उन्हात त्या म्हणताना डोळ्यांपुढे यायचे ते कडुनिंब आणि बाभळी. तिथं पहिल्यांदा कळलं की कवी थापा मारत नव्हते. ऊन जमिनीवर पोचतच नव्हतं. झाडावर झाड, झाडावर वेल, वेलीवर शेवाळ, आणि सगळ्यातून पाणी गळण्याचा बारीक आवाज. तुमची आत्या, मी तिला अज्जी म्हणायचो, अनवाणी पुढे चालायची. जळू चिकटली की चुन्याचं बोट लावायची आणि चालता चालता झाडांची ओळख करून द्यायची, जशी लग्नघरात पाहुण्यांची करून देतात. ही दालचिनी, साल चावून बघ, पोट धरलं की हिचा काढा. हे वावडिंग, पोरांच्या पोटातल्या जंतांवर. त्या खोडाला खाच पाडली की डिंक येतो, तो धूप, छाती भरली की त्याची धुरी. हे आमसुलाचं झाड, अंगावर पित्त उठलं की ह्याच्या फळाचं पाणी लावायचं. मला राहवलं नाही, मी मोठ्यानं कविता म्हणायला लागलो, तर तुम्ही मागून दटावलंत, "गप. हितं आपन पावनं हाव." ते दटावणं मला आवडलं होतं.

मग ती वेल आली. दंडाएवढी जाड, उंच झाडाला विळखा घालून वर कुठंतरी उजेडात गेलेली. तुम्ही टोपी काढलीत. कोयता खाली ठेवलात. हात जोडून कानडीत तिच्याशी बोललात: बाई, मागायला आलोय, द्यायचं मन असेल तर दे. आणि मग गप्प उभे राहिलात, जणू ती खरंच विचार करून सांगणार होती. नंतर एकच बाजूची फांदी तोडलीत, मूळ वेलीला हात लावला नाहीत, आणि जखमेवर ओला चिखल लिंपलात. आत लाकूड पिवळंधम्मक. "ही वाढायला एका मानसाचा जलम लागतो," तुम्ही म्हणालात. "वरबडून न्ह्यायची न्हाय. मागून घ्यायची."

मला सांगा, एका वेलीपुढे टोपी काढणारा माणूस पोटच्या पोरापुढे असा दगड कसा होतो?

दादानं तुमच्या मनाविरुद्ध लग्न केलं, हे खरं. विणकरांच्या घरातली तेलुगू बोलणारी मुलगी, रजिस्टर लग्न, तुम्हाला न विचारता. तुम्ही दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगितलंत, "ह्या दारात परत पाय ठेवायचा न्हाय." हातातला पान्हा तुम्ही खाली ठेवला नव्हता आणि त्यानं हातातलं चाक ठेवलं नव्हतं. त्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, त्यानं पुरा काढला, ते भिंतीला टेकवलं आणि मग गेला. तुमच्यापेक्षा त्याचा हात सफाईदार होता, हे तुम्हाला ठाऊक होतं. पूर्व भागात मागांच्या खडखडाटात त्यानं एक खोली घेतली. आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले.

त्याची बायको आली होती, आप्पा. पायरीखाली चप्पल काढून, डोक्यावर पदर घेऊन, सगळ्या रोग्यांच्या रांगेत बसली. तिची पाळी आली तेव्हा तुम्ही मान वर केली नाहीत. ती म्हणाली, "औषध पायजे. यांना लई तरास हाय."

"रोग्याच्या घरचं मानूस पायजे," तुम्ही म्हणालात.

"मी घरचीच की."

तुम्ही सहाण उलटी टाकलीत आणि आत गेलात. केमचा एक म्हातारा मागून म्हणाला, "अवो, द्या की, लेकरू रडालंय." ती रडत नव्हती खरं तर. ती त्या उलट्या सहाणेकडे बघत होती.

मग मी आत आलो. म्हणालो, मी मागतो, मी त्याचा सख्खा भाऊ. तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तू माझ्या घरचा. त्याच्या घरचा न्हवं. त्याला तोंड हाय, त्यानं यावं." वा! म्हणजे मी तुमच्या घरातला म्हणून चालत नाही. ती त्याच्या घरातली, पण ते घरच तुम्हाला मान्य नाही. राहता राहिला तो स्वतः, आणि त्याला तर तुम्हीच या दारात बंदी घातलेली. ज्या दारात पाय ठेवायचा नाही, त्याच दारात येऊन मागायचं! नियम नव्हता तो, आप्पा. पिंजरा होता, आणि चारही बाजू तुम्ही स्वतः विणल्या होत्या.

दादाही तुमचाच. मी त्याला दवाखान्यात चल म्हणून हातापाया पडलो. म्हणाला, "आप्पाच्या औषधानं अख्ख्या जिल्ह्याची कावीळ उतरती, आन् मी सुया टोचून घेऊ व्हय? येत्याल की. बाप हाय शेवटी." तो खाटेवर पडून दाराकडे बघायचा आणि तुम्ही पायरीवर बसून रस्त्याकडे. मधे सगळं मिळून एवढंसं अंतर, सायकलवर गेलं तर दम लागत नाही. शेवटी तो माणसं ओळखेनासा झाला तेव्हा आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

त्याचं दिवसपाणी झालं आणि तुम्ही पुन्हा पायरीवर बसलात. कुणीसा परका दारात आला, म्हणाला, औषध पायजे, आणि तुम्ही दिलंत! त्याच हातांनी, त्याच सहाणेवर. मी आतून बघत होतो. त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतं बोललो, आणि तुम्ही गेलात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. लोकांना वाटलं, मोठा धीराचा आहे.

पुष्कळ वर्षांनी एका भल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की बहुतेक कावीळ आपली आपणच उतरते आणि जी उतरत नाही तिला उगाळलेलं लाकूड पुरं पडत नाही. तेव्हा कदाचित तुमच्या औषधानं दादा वाचलाही नसता. लोक हे सांगून माझी समजूत घालतात. पण मी औषधाबद्दल भांडतच नाही. तुम्ही वाटी घेऊन त्याच्या दारात गेला असतात, तर तो ती प्याला असता आणि तुमचा हात धरून दवाखान्यातही आला असता. त्याला वेलीचा रस नको होता. त्याला तुम्ही पायरी उतरलेले हवे होतात.

आणि आणखी एक. हे अव्वानं, माझ्या आईनं, तिच्या शेवटच्या दुखण्यात सांगितलं. त्या दिवसांत तुम्ही रोज उजाडायच्या आत एक वाटी जास्तीची उगाळत होतात. ती झाकून फळीवर ठेवायचे, दुपारपर्यंत वाट बघायचे, आणि मग मोरीत ओतून द्यायचे. "काही बोलायचे न्हाईत रे, नुसती वाटी विसळायचे," अव्वा म्हणाली. तिला वाटलं, हे ऐकून माझा राग निवेल. उलट भडकला. तुम्हाला दगड म्हणण्याची सोय होती, तीही तुम्ही ठेवली नाहीत. रोज उगाळलंत आणि रोज ओतलंत! अज्जीच्या रानात मागण्याचा नियम होता तो घेणाऱ्यानं नमावं म्हणून. माणसानं मस्तीत वेल वरबडू नये म्हणून. तुम्ही तो नियम सोलापूरला आणलात आणि देणाऱ्याला खुर्ची करून दिलीत. आता तर ते रानही तसं राहिलं नाही. अज्जीचा नातू सांगत होता, व्यापाऱ्यांची माणसं आली आणि वेली मुळासकट खणून ट्रकात भरून नेल्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही. तुम्ही कुंडीत लावलेली फांदी तर सोलापूरच्या पहिल्याच उन्हाळ्यात काळी पडली होती.

हे सगळं मी इतक्या तावातावानं लिहितोय, आणि वहिनी समोर बसून शेंगा सोलतेय. दादाची बायको, तीच. आता पार वाकलीय, दोन गल्ल्या सोडून राहते, एरवी दुपारची येते, आज सकाळीच आली. सकाळी त्या बार्शीच्या पोरावर मी ओरडलो तेव्हा ती आतच होती. आत्ताच म्हणाली, "भावजी, त्या लेकरावर कशापायी वरडलाव? तुमी तरी काय येगळं करालाव?" मी म्हणालो, म्हणजे? तर मान वर न करता म्हणते, "पुन्याला तुमचा पोरगा आजारी हाय म्हनून मी सांगून किती दिस झालं? तुमी आपलं बसलाव फोनकडं बघत. त्यानं सोता सांगावं म्हनून. पायरी तेवडी न्हाय हितं, बाकी सगळं आप्पाच."

मी तिच्यावर चिडलो. म्हणालो, त्यानं माझ्या मनाविरुद्ध दुकानाची जागा विकायला लावली, वर मलाच बोलला, आणि आता बापाला कळवायलाही त्याला जड जातंय, तर मी काय म्हणून... आणि तिथंच थांबलो. वहिनी हसली नाही. शेंगांची टरफलं पदरात गोळा करून उठली आणि चहा टाकायला आत गेली.

आप्पा, तुमच्या त्या लाकडाचा शेवटचा तुकडा माझ्याकडे आहे. सुपारीएवढा उरलाय, औषध म्हणून त्याचा कुणाला उपयोग नाही. कवितांच्या जुन्या वहीशेजारी ठेवलाय. मघाशी सहाणेवर ओढून बघितला. अजून पिवळा उमटतो.

तुम्हाला एवढं सुनावलं, आणि पुण्याला फोन अजून लावलेला नाही. तुमच्यावर रागावणं सोपं पडतं, तुम्ही दार लावून घेत नाही. त्यानं उचललाच नाही तर काय, याची भीती वाटते. तुम्हालाही हीच वाटत होती का?

चहा झाला की लावतो, असं वहिनीला म्हणालोय. ती कप घेऊन समोर उभी आहे आणि मी अजून लिहितोच आहे.