रिपीटरला चौथ्यांदा परत न करण्याबाबत

मी, सौदामिनी दत्तात्रय देवणीकर, वय वर्षे चौपन्न, पूर्वी मराठीची शिक्षिका, हल्ली कुणाचीच नाही, राहणार क्लासेसच्या मागची गल्ली, लातूर, आज सकाळचा चहा झाल्यावर, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना (उजव्या पायावर झोपलेल्या कुत्र्याचे दडपण वगळून) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत आहे. आधी मी तो डॉ. विरूपाक्ष हलकुडे यांच्याकडून आणला होता. वकील बसवंत बिरादार यांनी तो चष्म्याखालून पाहिला आणि म्हणाले, "बाई, हे जनावरांचे डॉक्टर आहेत."

"माणसांचे डॉक्टर मला पाच मिनिटं बघतात. हे तासभर बघतात."

"ते कुत्र्याला बघतात. तुम्ही फक्त कुत्रं धरून असता."

दाखला बदलून आणला. नवीन डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली आणि मन सुदृढ असल्याचे लिहून दिले. जीभ सुदृढ आहे यावर गल्लीत कुणाचे दुमत नाही.

कलम १. निमित्त

पुढच्या आठवड्यात सोलापूरला माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. ऑपरेशन किरकोळ आहे असे सगळे सांगतात, आणि सगळेच एका सुरात सांगू लागले की मला शंका येते. माझा भाऊ अवधूत याचा मुलगा चि. सर्वेश तब्येत विचारायला आला. तो एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. येताना त्याने केळी आणि मोजपट्टी आणली. मी आत चहा टाकत होते, तेव्हा हॉलमधून पत्र्याची पट्टी सरकल्याचा आवाज आला.

"काय करून राहिलास रे?"

"काही न्हाई आत्या, सहज. हॉल लई मोठाय. दोन मजली पलंग टाकले तर सोळा पोरं आरामात बसतील."

"आणि मी?"

"तू आहेसच की! तू रेक्टर."

"आणि कुत्री?"

यावर त्याने मोजपट्टी गुंडाळायला घेतली. गुंडाळली जाईना, कारण तिचे दुसरे टोक रिपीटरच्या तोंडात होते. त्याच दुपारी मी वकिलांना फोन केला.

कलम २. मिळकत

माझ्या नावच्या प्लॉटवर, माझ्या पगारातून बांधलेले एकमजली घर, बँकेतली ठेव, एक स्कूटर, जिच्या पाय ठेवायच्या जागेवर माझ्यापेक्षा कुत्रीच जास्त बसली, आणि कपाटभर पुस्तके, खालचा कप्पा कुरतडलेला.

घर एकमजली का, हे लिहून ठेवते, कारण पुढच्या पिढीला तो वेडेपणा वाटतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर या गावात वर मजला चढवायचे नाव कुणी काढत नव्हते. आमचे वडील म्हणाले, "डोक्यावर जितकं कमी, तितकं बरं." सगळे हो हो म्हणाले. मग क्लासेस आले, बाहेरगावची मुले आली, आणि त्याच लोकांनी पाच-पाच मजले चढवून प्रत्येक मजल्यावर मुले भरली. भूकंप ते विसरले. मी विसरलेले नाही. सबब, या घरावर वर मजला बांधायचा नाही. पत्रासुद्धा नाही.

कलम ३. सांभाळायला ठेवलेले पहिले कुत्रे

भूकंपाआधी आपले कुत्रे कसे भुंकून भुंकून सावध करत होते, हे लातुरात घरोघरी सांगतात. आमच्या गल्लीतली झाडून सगळी कुत्री त्या रात्री घोरत होती, हे मी शपथेवर सांगते. त्यांच्यावर खोटे उपकार लादू नयेत.

वडील तेव्हा औसा तालुक्यात मास्तर होते. गाव पडल्यावर तिथल्या लक्ष्मम्मा नावाच्या बाईने आपली कुत्री वडिलांच्या हाती दिली. "मास्तर, चार दिस ठेवा. घर झालं की नेते." घर व्हायला दोन-तीन वर्षे गेली. लक्ष्मम्मा शब्दाची पक्की. नवीन वसाहतीत घर मिळाल्यावर येऊन कुत्रीला घेऊन गेली. आणि महिन्याने तिला कडेवर घेऊन एसटीतून उतरली.

"काय झालं?" मी विचारले.

"सगळी घरं सारखीच बांधलीत, बाई. एक रेघ मारल्यावानी. ही रोज दुसऱ्याच्याच घरात शिरून राहिली. लोक मारायलेत. आता मलाच माझं दार सापडंना, तर हिला काय सापडंल?"

ती दारात बसून रडली, मग कुत्रीला आमच्याकडे सोडून गेली आणि कुत्री जिवंत असेपर्यंत दर दिवाळीला भेटायला येत राहिली. परत करणे यालाच म्हणतात. पुढचे सगळे परत करणारे मी याच मापाने मोजले आणि एकही भरला नाही.

कलम ४. रिपीटर

बाहेरगावची मुले जूनमध्ये येतात, जुलैत घराच्या आठवणीने रडतात, आणि ऑगस्टमध्ये हॉस्टेलच्या गच्चीवर चोरून एक पिल्लू आणतात. मेमध्ये परीक्षा होते. मुले गावी जातात, पिल्लू गच्चीवरच राहते. तोवर ते पिल्लू राहिलेले नसते. म्हणून मे महिना माझ्या घरी सुगीचा. आजवर आलेल्यांना मी डाउट, कटऑफ, मेरिट अशी नावे दिली. त्यांचे गोचीड-जंत काढून, रेबीजची लस टोचून, नसबंदीचे ऑपरेशन करून त्यांना घरे शोधून दिली.

घर देताना मी प्रवेश परीक्षा घेते. एकच प्रश्न: "तुम्ही आठ दिवस तिरुपतीला गेलात, तर कुत्रा कुठे?" "गच्चीवर" म्हणणारा नापास. "शेजारी" म्हणणाऱ्याच्या शेजाऱ्याला मी बोलावून घेते. या गावात एवढी कडक परीक्षा दुसरी नाही.

तरी रिपीटर तीनदा परत आला. आधी देगलूरच्या मुलाने गच्चीवर सोडला, ते पहिले. मग बँकेतल्या एका साहेबांनी नेला आणि परत आणला: "बाई, हा भुंकतच न्हाई. चोर आला तर काय पाहुणा म्हणून घेईल." नंतर नांदेडच्या एका प्राध्यापकांनी नेला आणि पंधरवड्याने परत आणला: "मॅडम, हा फार भुंकतो हो. शेजारी तक्रार करायलेत."

डॉ. हलकुड्यांनी दोघांचे ऐकून घेतले आणि मला सांगितले ते असे. हा येणाऱ्यावर भुंकत नाही. जाणाऱ्यावर भुंकतो, आणि तेही ज्याला आपला मानले तो घराबाहेर पडला तरच. एकदा गच्चीवर एकटा राहिलेला कुत्रा दुसरे काय शिकणार? साहेबांना त्याने आपले मानलेच नव्हते. प्राध्यापकांना मानले होते, आणि त्यांनी त्याचीच तक्रार केली.

समोरच्या क्लासने त्या वर्षी गुणवंतांचा फ्लेक्स लावला, तेव्हा मीही माझ्या फाटकावर एक लावला: 'कु. रिपीटर, तिसऱ्या प्रयत्नातही घरी परत. हार्दिक अभिनंदन!' खाली फोटो, जीभ बाहेर. क्लासवाले भांडायला आले. मी म्हटले, तुमच्यापेक्षा माझ्या फ्लेक्सवरचा निकाल खरा आहे, हवे तर आत येऊन बघा.

हे सगळे मृत्युपत्र खरे तर एवढ्यासाठी आहे: माझ्यामागे त्याला चौथ्यांदा कुणी परत करू नये. त्याचे वय आठ, कंबर दुखते. बाकीची कलमे कागद भरायला आहेत.

कलम ५. शेजारीण

सिद्धम्मा, मूळच्या उदगीरकडच्या, शेजारच्या भाड्याच्या घरात मुलींची मेस चालवतात. त्यांनी माझ्याविरुद्ध नगरपालिकेत अर्ज केले, महानगरपालिका झाल्यावर पुन्हा केले. माझ्या कुत्र्यांवर पाणी ओतले. मी त्यांच्या मेसच्या वरणाला सार्वजनिक ठिकाणी नावे ठेवली. हिशोब बरोबरीत आहे.

दोन वर्षांपूर्वी रिपीटर पथ्यावर असूनही फुगू लागला आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी झाले आहे. कांदा-लसूण पोटात जातोय कुठून तरी. मी पाळत ठेवली. कुंपणाच्या भिंतीवरून एक हात आला. हातात धपाटे होते.

"सिद्धम्मा! तुम्ही तर म्हणता, कुत्रं गल्लीत नको!"

"गल्लीत नकोच. मी कुठं गल्लीत घातलं? भितीवर ठिवलं."

"कांद्यानं मरेल तो. लसणानंसुद्धा. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांचा चेहरा उतरला. "अय्यो," एवढेच म्हणाल्या आणि आठवडाभर भिंतीकडे फिरकल्या नाहीत. नंतर एक दिवस भिंतीवर पुन्हा धपाटे दिसले. मी चाखून पाहिले. कांदा नाही, लसूण नाही, तिखट-मीठही नाही. इतकी बेचव वस्तू सिद्धम्मांच्या हातून झाली, यावर त्यांच्या मुलींचा विश्वास बसणार नाही. चाळीस मुलींचा स्वयंपाक उरकून एका कुत्र्याचे पीठ वेगळे मळणाऱ्या बाईला तिरुपतीचा प्रश्न विचारायची गरज मला वाटली नाही. अर्ज मात्र त्यांनी त्या महिन्यातही एक केला. सवय.

आता त्यांच्या घरमालकाला तिथे पाच मजली हॉस्टेल काढायचे आहे. दिवाळीपर्यंत घर सोडा, असे त्यांना सांगून झाले आहे.

कलम ६. किरकोळ वाटप

(अ) भाऊ अवधूत यास माझी पुस्तके, कुरतडलेल्या कप्प्यासह. त्याने एकही वाचलेले नाही, त्यामुळे कुठली पाने गेली ते कळणार नाही.

(आ) समोरच्या क्लासला माझा फ्लेक्स.

(इ) स्कूटर आणि बँकेतली ठेव सर्वेशची धाकटी बहीण चि. मुग्धा हिला, घरातल्या पाहुण्या कुत्र्यांच्या औषधपाण्यासाठी. मुग्धाचे एमबीबीएस थोडक्यात हुकले आणि ती उदगीरला जनावरांची डॉक्टर व्हायला गेली, तेव्हा घरात सुतक असल्यासारखे जेवण झाले होते. फक्त ती पोट भरून जेवली. पुढची प्रवेश परीक्षा तिनेच घ्यावी. प्रश्न बदलू नये.

(ई) चि. सर्वेश यास मोजपट्टी परत, ती मूळची त्याचीच आहे. टोकाला दातांच्या खुणा आहेत, तेवढ्या मापातून वजा कराव्यात.

कलम ७. घर

घर सिद्धम्मा यांनी हयातभर वापरावे, हॉलमध्ये खुशाल मेस चालवावी. अटी तीन. रिपीटरने आतच झोपायचे. धपाट्यात कांदा-लसूण नाही, म्हणजे त्याच्या, मुलींच्यात घालावा. आणि दर मेमध्ये गच्च्यांवरून येईल त्याला जागा द्यायची. अर्ज करायचा असेल तर नंतर करावा. त्यांच्यानंतर घर मुग्धाचे. पत्र्याची अट तिलाही लागू.

यातले एक अक्षर सिद्धम्मांना आत्ता कळता कामा नये. कळले तर त्या नको म्हणतील, आणि नको म्हणायला लागल्या की त्यांना कुणी थांबवू शकत नाही.

कलम ८. ऐनवेळी लिहिलेले

सह्यांसाठी वकील, डॉ. हलकुडे आणि सर्वेश जमले आहेत. सर्वेश फोन घ्यायला तीन-चारदा बाहेर जाऊन आला. रिपीटरने मान उचलली नाही. इतक्यात सिद्धम्मा चहासोबत खायला धपाटे घेऊन आल्या, कांद्याचे, माणसांसाठी.

"साक्षीदार पाहिजेत म्हणं? आणा, मी करते सही."

वकील दचकले. "तुमची नको, अम्मा."

"का? मला सही येत न्हाई काय? चौथी झाली माझी!"

"तसं न्हाई. रीत असते. काही माणसांची सही घेत नसतात."

ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीला घेऊ नये, ही ती रीत. वकिलांनी मला ती मागेच सांगितली होती. ती इथे सांगायची सोय नव्हती. सर्वेश मात्र हात पुढे करून म्हणाला, "माझी चालंल ना, काका?"

"तुमची अगदी चालते," वकील म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

सिद्धम्मांनी ताट आपटले. "वीस वर्षं शेजारी राहून राहिले, एक सहीबी करू देत न्हाईत! येत न्हाई पुन्हा!" आणि तरातरा निघाल्या.

त्या उंबऱ्याबाहेर पडल्या आणि माझ्या पायावरचा भार गेला. रिपीटर दारात उभा राहून असा भुंकू लागला की समोरच्या क्लासची खिडकी उघडली. थांबेचना. वकिलांनी कान झाकले. सर्वेश म्हणाला, "आत्या, ह्याला काय झालं?" डॉ. हलकुडे माझ्याकडे बघून हसले.

मग फाटकाशी सिद्धम्मांचा आवाज आला, अजून रागातच. "बा इल्ली! ये इकडं, चल. ह्या घरात आपल्याला कुणी इचारत न्हाई."

भुंकणे थांबले.

"बाई, आता पुरे. खाली रेघ मारा," असे वकील म्हणत आहेत. मारते.

वरील मजकूर माझा आहे, तो मला मान्य आहे, आणि याआधी रागाच्या भरात केलेली सगळी मृत्युपत्रे, तोंडीसुद्धा, मी रद्द करते. अंमलबजावणी वकील बसवंत बिरादार यांनी करावी. मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवलेला नाही. त्यांनी फक्त मला सही करताना पाहावे.

सही: सौदामिनी दत्तात्रय देवणीकर

साक्षीदार, एकमेकांसमक्ष:

१. डॉ. विरूपाक्ष हलकुडे, पशुवैद्य, लातूर

२. सर्वेश अवधूत देवणीकर, लातूर (लपेटदार सही, स्वखुशीने)

स्थळ: लातूर. दिनांक: ११ जून २०२३.

सह्यांच्या वेळी रिपीटर गैरहजर. शेजारी गेला आहे.