आलेच, दोन मिनिटं

प्रिय लंबू,

पत्र पुरतं वाचून मगच चिड. मधेच चिडलास तर माझं सांगायचं राहून जाईल, आणि मला सबबी फार चटकन सुचतात.

आई गेल्यावर तूच म्हणालास, फोनवर आपण नुसतं हवापाण्याचं बोलतो, त्यापेक्षा रोज अर्धा तास त्या ऑनलाइन खेळात भेटू. तीन महिने मी आले. मग कंटाळले. तसं सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून मॅक्रो लावला: मी भाजी चिरत असले तरी खेळातल्या माझ्या बाहुलीला खाणीत नेणारी, तांबं खणायला लावणारी आणि कोणी बोललंच तर 'आलेच, दोन मिनिटं' असं उत्तर टाकणारी आज्ञांची यादी. वाक्य मुद्दाम निवडलं. माझं नेहमीचंच, तुला शंका येणार नाही. वर डायरीत रोज 'लंबूची भेट झाली' अशी नोंद. ती पानं आता उलटवत नाहीत.

रविवारी मॅक्रो बिघडला. बाहुली खाणीच्या दाराशी जागच्या जागी पावलं टाकत होती, पोतं रिकामं. मी दोन क्लिकमधलं अंतर वाढवून पाहिलं, खेळाच्या नव्या आवृत्तीला शिव्या घातल्या, वाट पुन्हा आखली. शेवटी पडद्याकडे नीट पाहिलं, तर त्या अरुंद दारात तुझी बाहुली उभी. मनात पहिलं काय आलं तेच लिहिते: 'हा मेला नेमका इथे कशाला कडमडलाय?' यादीत एक ओळ वाढवली, वाट अडली असेल तर मागच्या भुयारातून जा. चाललं. मी स्वतःचीच पाठ थोपटली.

मग आणखी कुठे अडलं होतं का, म्हणून संभाषणाची नोंद उघडली.

'ताई, खणून खणून पाताळात पोचशील.' आलेच, दोन मिनिटं. 'अगं, गाठीचा रिपोर्ट आला. साधी नाहीये.' आलेच, दोन मिनिटं. 'गुरुवारी ऑपरेशन. घरच्या कोणाची तरी सही लागते म्हणे. येशील?' आलेच, दोन मिनिटं. 'बरं. मग दारातच थांबतो, चुकामूक नको.'

म्हणजे मॅक्रोत बिघाड नव्हताच. त्यानं थांब म्हटलं, तू थांबलास, आणि मी तुला वळसा घालायची सोय केली. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. ही कबुलीसुद्धा मन हलकं व्हावं म्हणूनच देतेय की काय, असंही वाटतं. असेल, तर तीही घाण माझीच.

समोर येऊन बोलले असते, तर नेट गेलं होतं असं काहीतरी सांगून मोकळी झाले असते. म्हणून आधी हे पत्र, नर्सबाईंच्या हाती. आज बुधवार. भेटायची वेळ चारची, तोवर खाली जिन्याजवळच्या बाकावर बसलेय. फॉर्मवर सही केली आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर नर्सबाईंना तसं सांग. मी बाकावरून हलणार नाही. पण या वेळी 'आलेच' नाही, लंबू. आलेय.

तुझीच,
ताई