दारावरचा तावीज

घाटनांदूर, माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप महारुद्रदादांच्या पायी धाकट्या शिवशरणचे शरणार्थ. थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो? नीलावहिनींचा खोकला गेला असेल असे धरून चालतो. इकडे मी आणि महादेवी दोघेही सुखरूप आहोत. घरही अजून आपलेच आहे. हे मुद्दाम लिहावे लागते, त्याचे कारण पुढे येईल.

पौषात आम्ही एका लग्नाहून परतलो तर दारावर कागद चिकटवलेला. उर्दू अक्षरे, खाली गोल शिक्का. महादेवीने दुकानाच्या बरकतीसाठी दर्ग्यात मुजावरांना साकडे घातले होते. त्यांनीच तावीज पाठवला, असे तिने ठरवले. मीही मान डोलावली. (दुकानाची अवस्था मान डोलावण्यासारखीच होती.) दर गुरुवारी ती कागदापुढे ऊद जाळू लागली. शेजारच्या चतुराबाईंनी आपले नातवंड आणून त्याचे कपाळ कागदाला टेकवले, त्याला दात येत नव्हते म्हणून. आठ दिवसांत दोन आले. हे मान्य केले पाहिजे.

मग बंकट आला. हा मोमिनाबादच्या अदालतीबाहेर बसून अर्ज लिहितो आणि उरलेल्या वेळात गावोगाव लोकांच्या दारांवरचे कागद वाचत फिरतो. उदाचा वास आला म्हणून त्याने आधी जोडे काढले. मग वाचले. म्हणाला, "आप्पा, ह्यो तावीज न्हाई. घराच्या लिलावाची नोटीस हाय."

महादेवी म्हणाली, "मंग लेकराला दात कावून आले?"

(दादा, तेलघाण्यासाठी मी घरातला माझा हिस्सा सावकाराकडे गहाण टाकला होता. तुम्हाला कळवायचे राहिले. तीन वर्षे राहिले.)

बंकटला आमची इतकी दया आली की तो जेवता जेवता रडला. पाच भाकरी होईपर्यंत रडत होता. त्याने तोडगा सांगितला. सगळे घर त्याच्या नावे विकायचे, सावकाराला तो भागवणार, आम्ही तिथेच भाड्याने राहायचे, तीन वर्षांनी घर परत. वकिलाकडे मात्र जायचे नाही, ते लई खर्चिक लोक. तेव्हापासून तो आमच्याकडेच मुक्कामाला आहे. महादेवी त्याला भाऊ मानते. पाहुण्याला नाही म्हणणे मला जमत नाही, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे.

तरी काल बाजाराचे निमित्त करून मी नोटीस आणि बंकटने लिहिलेला विक्रीचा कागद घेऊन त्रिंबकराव वकिलांकडे गेलो. नोटिशीवरची काजळी त्यांनी आधी उपरण्याने पुसली. मग सांगितले की चैत्र अखेरपर्यंत मुदत आहे. तोवर रक्कम अदालतीत भरली तर सावकाराला घर गहाणातून मोकळे करावेच लागेल. गहाण घराचा मालक मालकच राहतो. विक्रीखत झाले की तो भाडेकरू होतो, आणि एक भाडे थकले की रस्त्यावर. तीन वर्षांनी परत देण्याचे बंकटच्या कागदात कुठेच नाही. घर दोघा भावांचे असल्यामुळे दोन सह्यांशिवाय तो कागद पुरा होत नाही, हेही ते म्हणाले. घाण्याला वडवणीचे गिऱ्हाईक आले आहे. तेवढ्यात सावकार भागतो.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. घाणा आहे तोवर पाठवीन.

तुमचा,
शिवशरण

ता. क. पत्र घेऊन आलेले गृहस्थ म्हणजेच बंकट. तुमची सही घ्यायला उमापूरला निघालाच होता, म्हणून टपालखर्च वाचवला. शाळेत तो उर्दू शिकला, मोडी त्याला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र मोडीत. त्याच्यासमोर वाचताना चेहरा मात्र सांभाळा.

आणखी ता. क. त्याला जेवू घाला, आठ दिवस ठेवून घ्या. तेवढ्यात घाणा विकून होतो.

शेवटचे. तो कागद पुढे करील तेव्हा खाली माझी सही दिसेल. ती खरी आहे. वकिलाकडे जाण्याच्या आदल्या दिवशी केली. माझ्यापायी तुम्ही आजवर नको तिथे पुष्कळ सह्या केल्यात. दादा, ही एक करू नका.