कॅप्टनचा पहिला फटका

सोमवार, ३ एप्रिल
शनिवारी मी गोल्फ क्लबचा कॅप्टन होणार. गावासमोर एकच फटका मारायचा, त्याच क्षणी तोफ उडते, झालं. गावातल्या अर्चीच्या आजोबांचा असाच फटका हुकला होता, अर्चीला अजून 'हुकल्याचा नातू' म्हणतात. मला भीती वगैरे नाही. रात्री तीनदा उठलो ते हेरिंग मासा बाधल्यामुळे.

मंगळवार
कोच मर्डो म्हणाला, "कॅप्टन, चेंडू मारताय की साप? टेम्पो सांभाळा, म्हणजे लय. काठी वर जाताना एक, खाली येताना दोन." पटलं. आजपासून सगळं टेम्पोत. दाढीसुद्धा. हनुवटीला पट्टी.

बुधवार, सकाळी ७
शेडमध्ये झाडू घेऊन दोनशे स्विंग. दरदरून घाम. व्यायामाचा. टेम्पो आणखी संथ केला, वर जातानाच एक ते चार. बायको एल्स्पेथ म्हणाली, "झाडू हातात आहेच, तर शेडही झाड की रे!" दुर्लक्ष केलं.

गुरुवार
चेंडू पडेल असं वाटतं तिथे लोक उभे राहतात. उचलेल त्याला कॅप्टनकडून व्हिस्कीची बाटली. बेकरीवाला डूगल म्हणतो, "यंदा लांब चालायला नको ना? गुडघा दुखतोय." हसलो. पोटात गोळा आला. त्याच्याच पावामुळे.

शुक्रवार, संध्याकाळ
अंगात कणकण. थर्मामीटर नाही म्हणतो. बिघडलाय मेला. एल्स्पेथला विचारलं, उद्या वादळ आलं तर? म्हणाली, छत्री नेऊ. बाईला काळीजच नाही. टेम्पो मात्र झकास. आता एक ते सहा.

शनिवार, दुपार
हात थरथरत होते, वाऱ्याने. लोक जेमतेम पन्नास यार्डांवर उभे. नालायक! मोजायला लागलो. तोफवाल्याला मात्र तीस वर्षं बाकीच्यांच्या वेगाची सवय. माझे चार होतायत तोच धडाम! मी दचकलो, चेंडू टीच्या खुंटीजवळच्या दगडावर आपटून सरळ मागे. मागे एकटी एल्स्पेथ, घडीच्या खुर्चीवर. चेंडू तिच्या पायाशी थांबला. गाव पोट धरधरून हसलं. मेलो मी.

घरी विचारलं, सगळे पुढे असताना तू मागे का बसलीस? बाटली जिंकायला?
म्हणाली, "छे रे! तू पळालास तर वाटेत अडवायला कुणीतरी नको?"
हिला कसं कळलं? गाडीची किल्ली तर मी मोज्यात लपवली होती.