समितीत बसायला दुसरी बाई मिळणेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय

विषय : अर्थशास्त्र विभागाच्या निवड समितीवर बाहेरची बाई घेणेबाबत.
संदर्भ : सुनेचे यापूर्वीचे अर्ज, जे बैठकीअभावी पडून आहेत.

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढून कान इकडे द्यावा. एका विदुषीची कथा सांगावयाची आहे. देवाच्या कृपेने आपण ती मध्येच सोडून उठणार नाही, असा विश्वास आहे.

१. सदर विदुषी अर्जदाराची सून. आपल्या अर्थशास्त्र विभागात ती एकटीच बाई. प्रत्येक समितीवर एक तरी बाई हवी, हा आपला नियम सोन्यासारखा, वादच नाही. पण बाई एकच, म्हणून परीक्षा, ग्रंथालय, वाहनतळ, गळक्या छताची दुरुस्ती, सगळीकडे तीच. "बाई, तुम्ही नुसतं बसा, चहा घ्या, सही करा," असे विभागप्रमुख प्रेमाने सांगतात. घरकामाला अर्थव्यवस्थेत मोल का नाही, यावरचे तिचे संशोधन मात्र अर्धवट पडले आहे. बढती मागितली, तर उत्तर आले : संशोधन अपुरे.

२. तिने समित्यांतून सुटका मागितली. तो अर्ज ज्या समितीपुढे गेला, तिच्यावरची बाईही तीच. स्वतःच्या अर्जावर बसता येत नाही म्हणून ती उठली; ती उठताच समितीत बाई उरली नाही, म्हणून बैठक तहकूब. दरवेळी हेच. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत.

३. मग विभागातच दुसरी बाई नेमायचे ठरले. उमेदवार मुलगी गुणी, पण सुनेच्याच हाताखाली शिकलेली. निवड समितीवरची बाईही सूनच, म्हणून तिला पुन्हा उठावे लागले, बैठक पुन्हा मोडली. घरी येऊन पायातली चप्पलही न काढता ती म्हणाली, "आई, मी बसले तरी अडतं, उठले तरी अडतं. आता करू तरी काय?" अर्जदाराने हा अर्ज लिहायला घेतला.

४. सबब विनंती की, येत्या बैठकीस बाहेरची जाणकार बाई बोलवावी. कोणीच न मिळाल्यास अर्जदार स्वतः येईल. शिक्षण बेताचे, पण कीर्तनात मांडी न मोडता बसण्याची सवय जन्माची आहे, आणि विभागप्रमुखांच्या म्हणण्याप्रमाणे काम तेवढेच आहे. चहा नको.

५. त्या मुलीला एका बँकेने नोकरी देऊ केली आहे. "बाई, तुमच्यासाठी अजून थोडी थांबते," असे ती म्हणते. बँक थांबणार नाही. सुनेला आपण विसरलात तरी चालेल, ती कुठल्या ना कुठल्या समितीत सापडेलच. त्या मुलीची मात्र आठवण ठेवावी.

आपली नम्र,
(सही)
अर्थशास्त्राच्या बाईंची सासू