टेक इट ईझी

७ फेब्रुवारी १९८३
आज सकाळी तांब्याभर पाण्यात देव न्हाऊ घातले, तेच पाणी तुळशीला घातलं आणि रोजगार हमीच्या कामावर गेलो. मी तिथे मुकादम. खडी कमी फुटली म्हणून मजुरांवर ओरडत होतो. ओव्हरसियर मन्मथसाहेब हसून म्हणाले, टेक इट ईझी, मुकादम! अर्थ विचारला. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, दमानं घ्या. दिवसभर विचार केला. संतांनी तरी दुसरं काय सांगितलं? आजपासून त्रागा बंद.

९ फेब्रुवारी
लातूरला डोळ्यांचं शिबिर आहे. नवा जिल्हा झाल्याची एवढी तरी सोय. बायको कोंडाबाई माझ्या आईसाठी मागे लागली, आत्याबाईला घेऊन जावा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. मी म्हणालो, टेक इट ईझी. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये, सगळं जळकोट हेच सांगतं. मला ऑपरेशनची भीती वगैरे नाही.

२० फेब्रुवारी
शिबिर संपलं. आता ऊन तापणार. उन्हाळ्यात डोळ्याला हत्यार लावू नये. दिवाळीनंतर नक्की.
शेजारच्या केरबाचा बैल वैरणीवाचून बसला, उठेना. त्यालाही म्हणालो, टेक इट ईझी. त्याने अर्थ विचारला नाही. नुसता तोंडाकडे बघत राहिला. समजलं असावं.

११ एप्रिल
टँकर आला. आई कुणाला न सांगता घागर घेऊन गेली. रांग चावडीपुढे, ही मागच्या भिंतीकडे तोंड करून एकटीच उभी. टँकर गेला तरी उभी. बायका हसल्या, म्हणे धुरपतामावशी, तिकडं काय भिंत पाझरायलीय का? आईही हसली.
घरी कोंडाबाई म्हणाली, तुमच्या इंग्रजीचा अर्थ कळला मला. आपण करायचं ते देवावर ढकलायचं, न् वर त्यालाच शहाणपण म्हणायचं.
भाकरी गेली नाही. उकाडा फार.

३ जून
आईचा उजवा डोळा लाल झालाय. डोकं धरून बसते, उलट्या होतात. मोतीबिंदू पिकला असणार. म्हणजे लक्षण चांगलंच. नामस्मरणाला बसलो. देवाच्या नावाऐवजी तेच इंग्रजी तोंडात येत होतं. उठलो.

६ जून, लातूर
पहिल्या एस.टी.ने आईला आणलं. डॉक्टर म्हणाले, उजवा गेला. मोतीबिंदू आत पिकून फुटलाय. इतके महिने काय करत होता?
दवाखान्याच्या बाकावर आईने विचारलं, साहेबराव, नवा जिल्हा कसा हाय रं? मी खिडकीतून पाहिलं. धुरळा, चुना, रिकामे हौद. म्हणालो, बघण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, तुला दिसायलंय न्हवं? मग बास.
डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू उद्या काढायचाय. डोळा वाचेलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. मला भीती वाटते, आई, असं तिला सांगितलं. मग आत गेलो आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.