तळहात आणि टाकी नंबर एक

३ ऑक्टोबर, सकाळी ७
जेटीवरच्या सहा तेलटाक्यांपैकी पहिली टाकी मला मिळाली. अट एकच. महिन्याभरानं तपासणी. रंग शाबूत निघाला तर उरलेल्या पाचही माझ्या, नाही निघाला तर पाचही पेटीमास्तरच्या. हे शेवटचं उगीच लिहिलं. खोडायला हवं.

पेटीमास्तर हे नाव मीच ठेवलंय. सहा वर्षं माझ्याकडे रंगारी होता, आता स्वतः कॉन्ट्रॅक्टर झालाय. कुठंही गेला तरी बगलेत पेटी. पेटीत हवेचा दमटपणा मोजायचं एक मीटर, पत्र्याचं तापमान मोजायचं दुसरं, आणि आकड्यांचा तक्ता. काल मीटिंगमध्ये सांगत होता, हवेतलं पाणी ज्या तापमानाला पत्र्यावर दव होऊन बसतं, त्याच्यापेक्षा पत्रा तीन डिग्री गरम असल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. इन्स्पेक्टर बाई मान डोलवत होत्या. काही लोकांची शाळा सुटते, गणित सुटत नाही.

मी एकतीस वर्षं समुद्राकाठी रंग मारतोय. तळहात पत्र्यावर ठेवला की हवा कळते. बॅटरी लागत नाही.

३ ऑक्टोबर, संध्याकाळी
बायको म्हणाली, दोन दिवस तुमची पँट वाळत नाहीये, रंग कसा वाळणार? समजावलं, की पँट कापडाची, टाकी लोखंडाची. ती म्हणाली, हवा एकच. टेक्निकल बोलणं घरात काढायचंच नाही, असा आजपासून संकल्प.

४ ऑक्टोबर
मुकादम म्हणतो, ब्लास्टिंगआधी, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं पत्रा खरवडायच्या आधी, टाकी गोड्या पाण्यानं धुऊन घेऊ, मीठ बसलंय. समोर अख्खा समुद्र पसरलेला, आणि मी टँकर मागवू. लोक हसतील. बावीस वर्षं माझ्याबरोबर आहे, पण हल्ली डबा खायला पेटीमास्तरच्या माणसांत बसतो. संगत लागली.
टाकी कोरड्या फडक्यानं पुसून घेतली. खालची बाजू. जिथवर हात पोचला तिथवर.

६ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
काल ब्लास्टिंग पूर्ण. पत्रा नव्या ताटासारखा.
आज उजाडताच शिडी लावून स्वतः चढलो आणि टाकीभर तळहात ठेवत फिरलो. एक जागा सोडली नाही. मुकादम खालून हातमोजे दाखवत होता. हातमोजे घालून हवा कशी कळणार? उद्या डोळे बांधून रंगाची शेड निवडायला सांगेल. घाम फार येत होता, दर चार-पाच जागांनंतर हात पँटला पुसला. (तीच पँट. अजून दमटच आहे.)
निष्कर्ष: हवा उत्तम.

६ ऑक्टोबर, सकाळी ११.३०
प्रायमरचे डबे यायला उशीर झाला. दरम्यान पत्र्यावर सोनेरी झाक आली आहे. मुकादम म्हणतो गंज. मी म्हणालो झाक. त्यानं पुन्हा ब्लास्टिंग करू म्हटलं. अशा माणसांमुळेच कामं रखडतात.
प्रायमर सुरू. झाक दिसेनाशी झाली. म्हणजे काही नव्हतंच.

८ ऑक्टोबर
प्रायमर अजून चिकट. एक किडा, दोन माश्या आणि मुकादमाचा डावा हातमोजा टाकीला चिकटलेत. पहिले तिघं काढता आले.
रंगाच्या कंपनीला फोन करून झाडलं. पलीकडच्या माणसानं विचारलं, रंग मारताना दमटपणा किती होता? मी म्हणालो, चांगला होता. तो म्हणाला, आकडा सांगा. सगळीकडे हाच रोग पसरलाय.

९ ऑक्टोबर
एक मीटर विकत आणलं. वापरायला नाही, खोटं पाडायला. बाथरूममध्ये ठेवून पाहिलं, ब्याण्णव दाखवलं. बाहेर गॅलरीत ठेवलं, एकोणनव्वद. बाथरूम आणि गॅलरीत तीनचाच फरक दाखवणाऱ्या यंत्रावर हे लोक टाक्या रंगवतात. माळ्यावर टाकून दिलं.

१० ऑक्टोबर
बायकोनं मीटर माळ्यावरून काढून गॅलरीत दोरीला टांगलंय. सत्तरच्या खाली आलं की कपडे वाळत घालते. पँट वाळली. योगायोग.

१२ ऑक्टोबर, दुपारी ४
शेवटचा हात मारून झाला. सकाळी सहाला सुरू, दुपारी तीनला खलास, मध्ये फक्त जेवण. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला, रंगाला तेवढीच हवा लागली.
शेजारच्या गोडाऊनचा दरवाजा रंगवायचं काम पेटीमास्तरकडे आहे. त्याची माणसं तीन दिवस सावलीत बसून आहेत. आकडा जमत नाही म्हणे. मी मुद्दाम तिथून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा शीळ घालत. त्यानं उठून नमस्कार केला. लाज वाटली असणार.

२० ऑक्टोबर
टाकी आरशासारखी चमकतेय. तिच्यात पाहून भांग पाडला. पाच टाक्यांसाठी दुसरी शिडी घ्यायला हवी. मुकादमाला सांगितलं, तो हं म्हणाला. उत्साह असा नाहीच माणसात.

३० ऑक्टोबर
टाकीच्या पूर्वेला एक फुगवटा. वाटाण्याएवढा. नखानं दाबला तर पाणी आलं. खारट. (चाखून पाहिलं. अनुभवी माणूस चाखतो.)
किरकोळ.

२ नोव्हेंबर
फुगवटे वाढलेत. पाच-पाचच्या गटात येतायत. चार लांबट वर, एक आखूड बाजूला. मुकादम बराच वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. काय ते बोल म्हटलं. तो शिडी आवरायला गेला.
रंग कंपनीची बॅच खराब. उद्या कडक पत्र लिहायचं.

३ नोव्हेंबर
पत्र उद्या.

५ नोव्हेंबर, दुपारी
तपासणी झाली.
इन्स्पेक्टर बाईंनी फुगवट्यांच्या एका गटावर स्वतःचा हात ठेवला. लहान पडला. मुकादमाला ठेवायला लावला, त्याची बोटं जाड. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा हात ठेवता का जरा?"
ठेवला. करंगळीच्या वाकड्या पेरासकट बसला.
घामातलं मीठ पत्र्यावर राहतं, वरून रंग बसला तरी ते आतून पाणी ओढत राहतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. समुद्राचंही मीठ खाली आहेच म्हणाल्या, पण ते सगळीकडे सारखं आहे. मग खडूनं गोल करत मोजत गेल्या. दोनशे चौदा. सगळे माझे. आजूबाजूला दहा माणसं उभी होती आणि कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली, इतकी की घरी येताना हात खिशात घालून आलो.
एक मात्र सिद्ध झालं. मी जागा सोडली नव्हती.

८ नोव्हेंबर
पाचही टाक्या पेटीमास्तरला. माझी टाकी पुन्हा खरवडायची, तीही त्यालाच.
संध्याकाळी मुकादम आला. बस म्हटलं, दारातच उभा राहिला. सोमवारपासून तिकडे जातोय म्हणाला. बावीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा चहा नको म्हटलं. मी म्हणालो, जा, मला काय फरक पडतो. तो गेल्यावर गॅलरीत जाऊन बसलो. फरक पडतो.
बायको गॅलरीत आली. कपडे आत घेता घेता एवढंच म्हणाली, "अहो, आत या. दव पडायला लागलंय."

११ नोव्हेंबर
दिवसभर घरी. फोन एकच आला, राँग नंबर. तरी त्याला गंजाविषयी दोन गोष्टी सांगितल्या.

१४ नोव्हेंबर
पेटीमास्तर घरी आला. पेटी दाराबाहेर ठेवून आत आला, एवढी अक्कल आहे. वाटलं, जखमेवर मीठ चोळायला आलाय. त्याला म्हणे एक माणूस हवाय. दर तासाला आकडे लिहायला. त्याची पोरं दिवसभर झोपा काढतात आणि संध्याकाळी मनानेच आकडे भरतात. म्हणाला, "दादा, एकही जागा न सोडणारा माणूस मला दुसरा ठाऊक नाही."
टोमणा आहे का, हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवता आलं नाही. डोळे खाली होते त्याचे. विचार करून सांगतो म्हणालो. बायको आतून म्हणाली, येतील सोमवारी.
सल्लागार म्हणून जातोय. हे मनात पक्कं.

१८ नोव्हेंबर, सोमवार. टाकी नंबर एक
सकाळी ६.३०. हवा २४. पत्रा २३. दमटपणा ९३. रंग बंद.
७.३०. हवा २५. पत्रा २४. दमटपणा ९०. रंग बंद. माणसं सावलीत बसली आहेत. बसू देत.
८.३०. हवा २६. पत्रा २६. दमटपणा ८४. रंग बंद. अजून कुणी सल्ला विचारला नाही.
९.३०. खालून मुकादमानं हाक मारली, म्हणाला, "मालक, हवा कशी आहे? सुरू करू का?"
म्हणालो, "थांब. मीटर बघून सांगतो."